जुनी थ्री-नॉट-थ्री : साइटला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी

निवडणूक आटोपली की माझ्याकडे फोन सुरू होतात. आचारसंहितेत जमा केलेलं हत्यार दोन-अडीच महिन्यांनी घरी परत येतं आणि आठवडाभरात मालकाचा आवाज कानावर पडतो, "भाऊ, माह्या रायफलीची साइट हलली वाटते. फोरसाइट थोडी ठोकून देता काय?" मी विचारतो, घरून नेली तेव्हा फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची पट्टी, कुठे होती? त्यावर पलीकडे शांतता. नेताना कशी होती हे ज्याला माहीत नाही, त्याला ती हलली हे कळलं कसं?

पोलीस दलात आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा कारागीर, म्हणून उणीपुरी पंचवीस वर्षं काढली. आता दारव्ह्याकडे शेती करतो. कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, नव्याने बसलेल्या पोरांसाठी आणि बापजाद्यांच्या परवान्यावर जुनी रायफल सांभाळणाऱ्यांसाठी एकदाच सगळं लिहून टाकतो. बोलतोय ते शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री, मार्क थ्रीबद्दल. १९०७ सालचं हे मॉडेल. आपल्याकडची बरीचशी पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेली. बोल्टच्या (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) दांडीखाली, बटसॉकेटच्या, म्हणजे कुंदा जिथे बसतो त्या लोखंडी भागाच्या, उजव्या अंगाला कारखान्याची खूण आणि सन ठोकलेला असतो, तो आधी वाचा. १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरने याच बांध्याची ७.६२ ची २ए आणि २ए१ काढली. दिसायला बहीण-बहीण, पण काडतूस वेगळं. २ए१ च्या बॅकसाइटवर, म्हणजे डोळ्याकडच्या साइटवर, अंतराचे आकडे ८०० पर्यंतच, मार्क थ्रीवर २०० ते २००० यार्ड. एकीची गोळी दुसरीत कधीच नाही, आणि परवान्यावरची .३१५ तर तिसरीच.

कायद्याचं एका दमात सांगून टाकतो. .३०३ हा प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे, १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली. साफसफाई मालकाने करायची, दुरुस्ती आणि फोरसाइट बदलणं परवाना असलेल्या गनस्मिथकडे किंवा खात्याच्या आर्मोररकडे. आणि गोळी झाडून पाहायची ती मंजूर रेंजवरच. बांधावर उभं राहून पळसाच्या झाडावर झिरोइंग, म्हणजे गोळ्या झाडून साइट जुळवणं, करणारे मी पाहिलेत. त्यांच्या तारखाही पाहिल्यात, कोर्टातल्या.

आधी रिकामी

मॅगझिन काढा. बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्याने पाहा, मग करंगळी घालून पाहा. परेडवर "जांच शस्त्र" म्हणतात ते हेच, फक्त इथे हुकूम द्यायला कोणी नसतं म्हणून माणूस ढिला पडतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग बोल्ट पूर्ण मागे घेऊन त्याचं डोकं वर उचला, खाचेतून सुटेल, बोल्ट बाहेर. बोल्टच्या दांडीवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकच आहे ना, ते पाहून घ्या. दोन रायफली एकदम उघडल्या आणि बोल्टांची अदलाबदल झाली, तर काडतुसाच्या बुडाशी जी फट राहायची ती बिघडते आणि चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर कवच फाटू शकतं. म्हणून एका वेळी एकच रायफल उघडायची.

आता नळीतून उजेडाकडे पाहा. एकदा उन्हाळ्यात एका काकाजींची रायफल हातात आली. नळीतून पाहिलं तर काळोख. कुंभारमाशीने तोंडातून आत शिरून तीन बोटं माती भरली होती, टणक, भट्टीत भाजल्यासारखी. रायफल दाराआडच्या खुंटीला तोंड वर करून टांगलेली. काकाजी म्हणाले, "दोन महिन्यांआधीच तर साफ केली होती बाप्पा." अशी नळी घेऊन चाप ओढला असता तर नळी फुगली असती नाहीतर फाटली असती, आणि हे महाशय साइट हलली म्हणून आले होते.

नळीची सफाई

जुन्या काडतुसांच्या टोपीत क्लोरेट असायचं. गोळी सुटली की नळीत त्याचं मीठ उरतं, अगदी खायच्या मिठाच्या जातीचं, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. जुलैच्या झडीत एका रात्रीत नळी तांबडी होते. हे मीठ तेलात विरघळत नाही, घासलेटमध्येही नाही. त्याला पाणीच लागतं. म्हणून जुने लोक फायरिंगनंतर चेंबरच्या बाजूने नरसाळं लावून उकळतं पाणी ओतायचे. आजही हाच उपाय खरा. तापलेली नळी स्वतःच वाळते हा वरचा फायदा.

पाणी कुठलं, हेही महत्त्वाचं. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या भावांनो, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको. मीठ धुवायला मिठाचंच पाणी कशाला? पावसाचं साठवलेलं घ्या, नाहीतर गावातल्या फिल्टरच्या कॅनमधलं.

मग फुलथ्रू, म्हणजे नळीतून चिंदी ओढायची वजन लावलेली दोरी. तिला फासे असतात, एक तारेच्या जाळीसाठी, एक चिंदीसाठी, एक चिंदी अडकली तर मागे ओढायला. चार बाय दोन इंचाची चिंदी, जुन्या धोतराची उत्तम. टेरिकॉट नको, ते काहीच शोषत नाही. पितळी वजन चेंबरमधून सोडा, तोंडाकडून ओढा. एका दमात, सरळ. दोरी तोंडाच्या कडेला घासली की त्या जागी खोबण पडते. अशा नळ्या मी ढिगाने पाहिल्यात, आतून आरसा आणि तोंडाशी एका अंगाने झिजलेली. तोंडाची कडा हीच गोळीला शेवटचा निरोप देते. ती वाकडी असेल तर साइट कितीही ठोका, ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा घोळका, जमायचा नाही.

चिंदी कोरडी आणि स्वच्छ निघेपर्यंत ओढा. शेवटी तेलाची एक. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा एकेक कोरडी चिंदी ओढून रंग पाहा, तांबूस असेल तर पाण्यापासून पुन्हा सुरुवात. फायरिंगच्या आधी नळी कोरडी करायला विसरू नका. तेलकट नळीची पहिली गोळी हमखास वेगळीकडे जाते आणि लोक त्या एका गोळीवरून साइट हलवतात.

जवसाचं तेल : लाकडाला अमृत, लोखंडाला डिंक

आपल्याकडे जवस घरचं, म्हणून मोह होतो. जवसाचं कच्चं तेल या रायफलीच्या लाकडाला मुळातच लागायचं, त्यासारखं दुसरं काही नाही. हाताच्या तळव्याने चोळायचं, थेंब-थेंब, आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. पण हेच तेल हवेत वाळून घट्ट होतं. लाकडात ते गुण, बोल्टवर आणि बॅकसाइटच्या स्लाइडमध्ये (अंतर लावायच्या सरकत्या तुकड्यात) तोच दोष. एका घरात आजोबांनी दहा वर्षं सगळ्या रायफलीला जवसाचं तेल लावलं होतं. बॅकसाइटची लीफ, म्हणजे आकड्यांची उभी होणारी पट्टी, उचलता येईना, पिवळ्या काचेसारखा थर. घासलेटमध्ये भिजवलेलं फडकं दोन दिवस गुंडाळून ठेवलं तेव्हा कुठे सुटली. लोखंडाला शिलाई मशीनचं किंवा बंदुकीचं खनिज तेलच.

आणि जवसाच्या तेलाचे बोळे घडी करून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आतल्या आत तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. आपल्या नवतपात तर विचारूच नका. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

साइट साफ करताना

इथे वेळ द्या. बॅकसाइटची लीफ उभी करा. खालच्या खोबणीत काय सापडतं ते पाहून तुम्हालाच नवल वाटेल: कापसाचं रुईसारखं तूस, मळलेलं तेल, काळ्या मातीचा बारीक गाळ. दात घासायचा जुना ब्रश घासलेटमध्ये बुडवून काढा. लीफच्या कडेला बारीक दाते आहेत, त्यात स्लाइडचं बारीक चक्र अडकतं. दात्यांत घाण असेल तर स्लाइड ३०० वर दिसते, पण घट्ट बसलेली नसते आणि दोन फैरींच्या धक्क्याने खाली सरकते. स्लाइड लावून अंगठ्याने मागे-पुढे दाबा. हलली तर गडबड साइटच्या जागेत नाही, पकडीत आहे. लीफ खाली पाडल्यावर तिच्या बुडाची पट्टीदार स्प्रिंग तिला टणकन बसवते का, तेही पाहा. लुळी पडत असेल तर स्प्रिंग थकली, ती गनस्मिथकडून बदला.

यू आकाराची खाच काडीच्या टोकाला चिंदी गुंडाळून पुसा. तार नको, सुई नको, कानस तर नकोच. मार्क थ्रीला ही गोल खाच आणि समोर चपटी पट्टी दिली, त्याच्याआधी इंग्रजी व्ही सारखी खाच आणि समोर जवाच्या दाण्यासारखी टोकदार फोरसाइट होती. खाचेचे दोन खांदे धारदार राहिले तरच पट्टीची उंची डोळ्याला कळते. तांबडा गंज असेल तर तेल लावून रात्रभर ठेवा आणि तांब्याच्या तुकड्याने हळू खरवडा. तांबं मऊ, गंज निघतो पण काळा मुलामा शाबूत राहतो. पितळ घासायची पॉलिश आणि इमरी पेपर या दोन गोष्टी साइटजवळ आणूच नका. चकचकीत साइट म्हणजे आंधळी साइट.

फोरसाइट शेवटी आणि पूर्ण कोरडी. तिच्यावर तेलाचा थेंब राहिला की उन्हात काजवा चमकतो. सकाळचं ऊन उजवीकडून आलं की पट्टीची उजवी कड उजळते, डोळा त्या उजळलेल्या कडेलाच पट्टी समजून खाचेत मधोमध आणतो, आणि गोळ्या डावीकडे जातात. दुपारी मावळतीकडून ऊन आलं की उलट. सकाळी डावी आणि संध्याकाळी उजवी मारणारी रायफल साइटने बिघडलेली नाही, चकाकली आहे. यावर देवघरातला उपाय आहे. कापराची वडी पेटवा, बोल्ट बाहेर आणि काडतुसं दूर असताना पट्टी त्या धुरावर क्षणभर धरा. काजळी मखमलीसारखी बसते आणि प्रकाश गिळून टाकते. काम झालं की बोटाने पुसली जाते.

लाकूड आणि स्क्रू, खरे गुन्हेगार

या रायफलीला नळीच्या जवळपास टोकापर्यंत लाकूड आहे आणि टोकाला नोजकॅपची टोपी. विदर्भात मे महिन्यात ते लाकूड पापडासारखं वाळतं आणि ऑगस्टात फुगतं. फुगलेलं लाकूड नळीला एका अंगाने रेटतं, नळी केसभर वाकते, शंभर यार्डावर तेवढं पुरे. म्हणून पावसाळ्यात केलेली साइट उन्हाळ्यात खोटी ठरते. दोष कोणाचाच नाही, ऋतूचा आहे.

चाप-रक्षकाचा पुढचा स्क्रू पहिला तपासा. अख्खी बॉडी लाकडात घट्ट धरणारा तोच. घरांतल्या रायफलींत दहापैकी सहा वेळा मला तो ढिला सापडला. मग मागचा. मग नोजकॅपचे दोन, समोरचा आणि आडवा. नीट बसणारा पेचकस घ्या. धार झिजलेल्याने स्क्रूचं डोकं खराब होतं आणि नंतर कोणालाच तो उघडत नाही. घट्ट म्हणजे मनगटाने घट्ट, खांद्याने नाही. नंतर पुढच्या लाकडाला टोकाजवळ धरून नळीपासून बाजूला ढकलून पाहा. कट्-कट् आवाज आला किंवा एकाच अंगाला घासलेली चमक दिसली तर लाकूड आर्मोररला दाखवा.

एक ताकीद. कुंदा हलतोय म्हणून त्याच्या मागच्या भोकातून लांब पेचकस घालून बटचा बोल्ट पिळू नका. त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत बसलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता बोल्ट फिरवला की ते लाकूड आतून चिरतं, बाहेरून पत्ताही लागत नाही.

माझी फजिती इथलीच. नोकरीचं दुसरं-तिसरं वर्ष, श्रावणातली सकाळ, रेंजवर एक रायफल डावीकडे मारत होती. मी उत्साहात पितळी दांडा आणि हातोडी घेतली, गोळ्या उजवीकडे हव्यात म्हणून फोरसाइट उजवीकडे सरकवली. ग्रुप आणखी डावीकडे. पुन्हा सरकवली, आणखी डावीकडे. उस्ताद मागे उभे राहून पाहत होते. एक शब्द न बोलता त्यांनी पेचकस काढला आणि नोजकॅपचा समोरचा स्क्रू दीड आटे आवळला. मग म्हणाले, "आता तुझी फोरसाइट जिथून आणली तिथे नेऊन ठेव." कुठून आणली ते मला आठवत नव्हतं. दिवसभर तीच रायफल घेऊन बसलो.

नेम धरताना काय पाहायचं

फोरसाइटचं टोक यू च्या मधोमध, आणि खाचेच्या दोन्ही खांद्यांच्या सरळ रेषेत. त्यावर निशाण्याचा खालचा काठ टेकलेला. डोळा फोरसाइटवर, निशाणा धूसर दिसला तरी चालेल. चाळिशी ओलांडलेल्यांना बॅकसाइट धुकट दिसते, ते वयाचं आहे. रेंजवर चष्मेवाल्याचा ग्रुप वर-खाली पसरलेला दिसला की मी त्याच रायफलीवर एखाद्या पोराला बसवतो. पोराचा ग्रुप गोळा झाला तर रायफल निर्दोष.

आता हलवा

इतकं करूनही ग्रुप बाहेर असेल, तेव्हाच फोरसाइट. सकाळी सहा-सातला, मृगजळ उठायच्या आत. वाळूच्या पोत्यावर लाकूड टेकवा, नळी नव्हे. नळी टेकवली की ती उसळते. पाच गोळ्या, एकाच ठिकाणी नेम, मध्ये नळीला श्वास घेऊ द्या. एका गोळीवर निकाल नाही. पाचही गोळ्यांचा घोळका पाहा, त्याचा मध्य काढा.

मार्क थ्रीची बॅकसाइट सर्वांत खाली २०० यार्डांवर बसते, हे कायम डोक्यात ठेवा. त्यामुळे १०० यार्डांवर गोळी नेमापेक्षा साधारण तीन इंच वर पडणं बरोबर आहे. २५ यार्डांच्या छोट्या रेंजवर अर्धा इंच वर. तिथे "बरोबर मध्यावर" आणण्याचा हट्ट धरला तर २०० वर गोळी नेमाच्या खाली जाईल.

दिशा पाठ करा: गोळी जिकडे जाते, फोरसाइट तिकडे. बॅकसाइटचं मात्र उलट, गोळी जिकडे न्यायची तिकडे. काही मार्क थ्रींच्या बॅकसाइटला बाजूला सरकवायचा स्क्रू आहे, तो असेल तर आधी तोच वापरा. युद्धकाळातल्या बऱ्याच रायफलींत तो काढून टाकलाय.

किती हलवायचं याचं गणित सोपं आहे. दोन्ही साइटमधलं अंतर सुमारे १९.४ इंच. २५ यार्ड म्हणजे ९०० इंच. ग्रुप एक इंच डावीकडे असेल तर १ गुणिले १९.४ भागिले ९००, म्हणजे ०.०२२ इंच, साधारण ०.५५ मिलिमीटर, डावीकडे. आपल्या नखाच्या जाडीएवढं. हातोडीचा एक घाव याच्या दुप्पट सरकवतो, म्हणूनच क्रॅम्प वापरतात, स्क्रूने हळूहळू ढकलणारा. गनस्मिथकडे क्रॅम्प नसेल आणि तो थेट लोखंडी हातोडी उचलत असेल तर रायफल काखेत मारून घरी या.

वर-खालीसाठी पट्टीची उंची. गोळी वर तर उंच पट्टी, गोळी खाली तर बुटकी. पट्ट्या ०.०१५ इंचाच्या टप्प्यांनी येतात आणि एक टप्पा १०० यार्डांवर जवळजवळ पावणेतीन इंच फरक पाडतो. पट्टी कानसने घासून बुटकी करायची सवय फार आहे. घासलं की गोळी वर जाते, आणि जास्त घासलं तर परत आणायला नवी पट्टीच लागते. मूळ पट्टी डबीत जपा, नंबरासकट.

नवी जागा ठरली की पाच गोळ्या पुन्हा. मग पट्टी आणि तिच्या पायाच्या सांध्यावर एक बारीक पांढरी रेघ ओढा, अर्धी पट्टीवर, अर्धी पायावर. पट्टी हलली की रेघ तुटते. त्याच दिवशी वहीत लिहा: तारीख, काडतुसाचा लॉट, पट्टीचा नंबर, अंतर, ग्रुप कुठे, लाकूड ओलं होतं की कोरडं.

ठेवायची जागा

कापडी किंवा रेक्झिनच्या खोळीत महिनोन्‌महिने नको, खोळ दमट हवा धरून ठेवते. मातीच्या भिंतीला टेकवू नका, उधई लाकडाच्या पायथ्याने चढते आणि कुंदा आतून पोखरते. नळीच्या तोंडात चिंदीचा बोळा कोंबून ठेवायचीही पद्धत आहे, कुंभारमाशी येऊ नये म्हणून. ती मला आवडत नाही, बोळा विसरला जातो. त्याऐवजी तोंडावर सुटी कापडी टोपी घाला आणि तिला लाल दोरा लांब लोंबता सोडा. कुलूपबंद कपाट, काडतुसं वेगळ्या कुलपात.

आणि पुढच्या निवडणुकीत जमा करायला निघाल तेव्हा त्या पांढऱ्या रेघेचा जवळून फोटो काढा, फोरसाइटच्या दोन बाजूंना असलेल्या नोजकॅपच्या दोन कानांचाही. परत मिळाली की पावतीवर सही करण्याआधी तिथेच फोटो काढून ताडून पाहा. रेघ जुळत असेल तर मला फोन करू नका, चाप-रक्षकाचा पुढचा स्क्रू पाहा.